व्हेझों-ला-रोमेन : एका दिवसात काय पाहावं, आणि गुडघाभर भिंतींमधून काय समजून घ्यावं?

नवखा_प्रवासी

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात दक्षिण फ्रान्समधल्या आव्हिन्योंला चार रात्री मुक्काम आहे. त्यातला एक पूर्ण दिवस जवळच्या व्हेझों-ला-रोमेन या रोमन अवशेषांच्या गावासाठी ठेवलाय. सोबत सत्तरीतले आई-बाबा, दोघंही शाकाहारी. गाडी नाही, भाड्यानेही घेणार नाही. ओरांजचं रोमन थिएटर आणि पाँ द्यु गार हा रोमन पाणीपूल बघून झालेलं असेल.

प्रश्न असे :

गाडीशिवाय जाऊन-येऊन एका दिवसात जमतं का? मंगळवारचा बाजार प्रसिद्ध आहे म्हणतात, मग मंगळवारीच जावं की तो दिवस टाळावा?

फोटोंत सगळीकडे गुडघ्याएवढ्या भिंती आणि मध्ये चार-दोन खांब दिसतात. ओरांजच्या थिएटरची ती अवाढव्य भिंत पाहिल्यावर इथे नक्की काय वेगळं आहे? नुसतं "रोमन अवशेष" म्हणून फिरून यायचं नाहीये, समजून घ्यायचंय.

आणि चढ किती? बाबांचा गुडघा दुखरा आहे.

---

विटाचुना

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं त्यावर ठरतं.

ओरांज, नीम, आर्ल इथे तुम्ही सरकारी रोम बघता : थिएटर, आखाडा, कमान. व्हेझोंमध्ये बघायची ती घरं. इथला फोरम, म्हणजे शहराचा मुख्य चौक, आजच्या गावाखाली गाडला गेलाय आणि गाव जिवंत असल्यामुळे तो उकरता येत नाही. उघडे झालेत ते प्विमँ आणि ला व्हिलास हे दोन भाग, मिळून साधारण १५ हेक्टर, आणि त्यातला बहुतेक भाग श्रीमंतांची घरं, त्यांच्या दारातली दुकानं, मधले रस्ते. त्यामुळे मान वर करून बघण्यासारखं फारसं नाही. जमिनीकडे बघत चालायचं.

घर कळण्यासाठी आपला वाडा डोळ्यासमोर आणा. रस्त्याकडून अरुंद बोळकंडी, मग पहिला चौक, त्याच्या मधोमध छपरातून पडणारं पावसाचं पाणी झेलणारं उथळ टाकं. पाहुणे, कामाची माणसं, आश्रित इथपर्यंत. त्यामागे खांबांची ओसरी असलेला दुसरा, मोठा चौक, त्यात बाग आणि हौद, हा घरच्यांचा. नकाशा हातात नसला तरी चौकोनी खड्डा दिसला की "हा पहिला चौक" आणि खांबांच्या बैठकांची रांग दिसली की "हा मागचा" असं ओळखता येतं. या दोन खुणा पटल्या की निम्मी जागा आपोआप उलगडते.

मग या गोष्टी शोधा :

उंबरठे. एका बाजूला वाटीएवढा गोल खळगा म्हणजे दार ज्यावर फिरतं तो खुंट बसायची जागा. दुकानाच्या उंबरठ्यात मात्र लांबच लांब खाच असते. दुकान बंद करताना तीत उभ्या फळ्या एकापुढे एक सरकवायचे. आपल्याकडच्या जुन्या बाजारपेठेतली फळ्यांची दुकानं ज्यांनी पाहिलीत त्यांना हे समजावून सांगायला नको.

विटांचे बुटके खांब. वीतभर रुंद चौकोनी विटा एकावर एक रचलेल्या दिसल्या तर ते न्हाणीघर. खरी जमीन या खांबांच्या वर होती, खालच्या पोकळीतून भट्टीची गरम हवा फिरायची आणि भिंतीतल्या पोकळ विटांतून वर जायची. जमीन पडून गेली, खांब उरले. बघणाऱ्याला वाटतं हीच जमीन. तिथेच गोंधळ होतो.

शौचकूप. भिंतीलगत खोल चर, त्यावर एकेकाळी भोकं पाडलेलं बाक. शेजारी न्हाणीघर असेल तर योगायोग नाही : न्हाणीचं वापरलेलं पाणी या चरातून सोडून घाण वाहून न्यायचे.

ला व्हिलासमधला फरसबंद रस्ता. मोठ्या फरश्यांखालून गटार जातं. बाजूचा खांबांचा रस्ता फक्त पायी चालणाऱ्यांसाठी होता.

आता सगळ्यात गमतीची गोष्ट. ला व्हिलासमधल्या 'डॉल्फिनच्या घरा'त भिंतींचे कोन आणि रस्त्याची दिशा नीट जुळत नाही. घर आधीचं आहे, इसवी सनापूर्वी ४० च्या आसपास मोकळ्या रानात बांधलेलं. सरळ रस्ते आले ते शंभरेक वर्षांनी. मग घराचा कोपरा काप, पुढे दुकानं काढ, दार फिरव असे उद्योग करावे लागले. रोमन शहर म्हणजे पट्टीने आखलेलं, ही आपली समजूत या घरापुरती तरी बाजूला ठेवावी लागते. रस्तारुंदीची भानगड दोन हजार वर्षांपूर्वीही होती.

शेजारचं 'चांदीच्या अर्धपुतळ्याचं घर' पाच हजार चौरस मीटरच्या आसपास आहे. स्वतःची न्हाणी, स्वतःची व्यायामाची जागा, एकाहून अधिक बागा. पाँपेईतली भलीभली घरं याच्यापुढे लहान पडतात. ज्यावरून नाव पडलं तो चांदीचा पुतळा संग्रहालयात आहे.

एक सावधगिरी. उत्खनन मुख्यतः जोझेफ सोतेल या धर्मगुरूंनी १९०७ पासून १९५५ पर्यंत केलं. १९२० च्या दशकापासून पैसा मोरिस ब्युरूस या अल्सासच्या तंबाखू उद्योजकाचा. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे त्यांनी नुसतं खणलं नाही, बरंच उभंही केलं : खांब परत रोवले, भिंतींचे माथे सिमेंटने बंद केले. थिएटरच्या पायऱ्याही बव्हंशी १९३० च्या दशकात नव्याने बसवलेल्या आहेत. म्हणून "किती छान टिकलंय" म्हणण्याआधी दगडाची कड बघा. धारदार आणि एकसारखी असेल तर ती विसाव्या शतकातली.

जुनं मार्गदर्शक पुस्तक वापरणार असाल तर नावं बदललीत हे लक्षात ठेवा. 'मेस्सींचं घर' आता 'लॉरेलधारी अपोलोचं घर', 'पाँपेयची ओसरी' आता 'ओसऱ्यांचं देवस्थान', आणि ला व्हिलासमधली उंच कमान जिला 'बॅसिलिका' म्हणत, ती सार्वजनिक स्नानगृहाची निघाली. जुनी नावं घेऊन पाट्या शोधत बसलात तर अर्धा तास तिथेच जाईल.

---

रोनकाठ

गाडीशिवाय जमतं, पण वेळापत्रक आधी बघून.

व्हेझोंला रेल्वे नाही. आव्हिन्यों साँत्र, म्हणजे गावातल्या स्टेशनवरून, लोकल गाडीने ओरांज, वीसेक मिनिटं. आव्हिन्यों तेजेव्हे हे वेगवान गाड्यांचं वेगळं स्टेशन गावाबाहेर आहे, तिथे जाऊ नका. दोन्ही स्टेशनांच्या नावात आव्हिन्यों असल्यामुळे ही चूक हमखास होते. ओरांजहून बस, अंतर तीस किलोमीटरच्या आत, पण वाटेत गावं घेत जाते म्हणून पाऊण ते एक तास धरा. दुसरा मार्ग कार्पाँत्रासवरून. अंतर जवळपास तितकंच.

बसच्या वेळापत्रकात दोन गोष्टी फसवतात. एक, काही फेऱ्या फक्त शाळा चालू असतानाच्या असतात आणि तसं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात तिथे शाळांना सुट्टी लागते, तुमची तारीख त्याआधीची आहे का ते पाहा. दोन, रविवारी आणि सणाला फेऱ्या फारच कमी. परतीची शेवटची बस संध्याकाळी लवकर असते. ती चुकली तर टॅक्सीशिवाय गत्यंतर नाही, आणि लहान गावात टॅक्सी हात दाखवून मिळत नाही, फोन करून बोलवावी लागते. म्हणून शेवटच्या नव्हे, शेवटून दुसऱ्या बसचा हिशेब ठेवा.

मंगळवार : जा, पण क्रम उलटा करा. बाजार सकाळचा, १४८३ पासून भरतोय असं सांगतात. प्लास मोंफोर आणि आसपासचे रस्ते भरून जातात आणि एकच्या सुमाराला पालं उठायला लागतात. आधी बाजार, मग जेवण, मग अवशेष. सकाळी आधी अवशेष बघून "दुपारी बाजार करू" म्हणणाऱ्यांना रिकामे खोके आणि रस्ते धुणारी गाडी दिसते. बाजारामुळे त्या सकाळी बस थांब्याजवळ गर्दी असते आणि गाडीवाल्यांना जागा मिळत नाही. तुम्हाला त्याची झळ नाही.

तिकीट एकच, त्यात प्विमँ, ला व्हिलास, संग्रहालय आणि कॅथेड्रलशेजारचा मठाचा चौक सगळं येतं. ते फेकू नका, दुसऱ्या फाटकावर परत दाखवावं लागतं. हिवाळ्यात दुपारी जेवणाच्या वेळेला दारं बंद होतात.

---

कमानवाला

गुडघ्याच्या प्रश्नाचं उत्तर पुलापाशी आहे, म्हणून आधी पूल.

ऊव्हेझ नदीच्या उजव्या तीरावर रोमन शहर आणि आजचं गाव, सपाटीवर. डाव्या तीरावर खडकावर चढत गेलेलं मध्ययुगीन वरचं गाव. दोन्हींना जोडणारा पूल इसवी सनाच्या पहिल्या शतकातला, एकच कमान, गाळा १७ मीटरच्या थोडा वर. आजही त्यावरून गाड्या जातात.

तो टिकला त्याचं कारण जागेची निवड. नदी तिथे दोन खडकांमध्ये आवळली जाते. कमानीचे दोन्ही पाय सरळ कातळावर टेकलेत. पात्रात एकही खांब नाही. दगडी पूल बहुधा वरून पडत नाही. पुराचं पाणी खांबाच्या बुडाची माती उकरतं आणि खांब बसतो. इथे उकरायला मातीच नाही.

याची परीक्षा २२ सप्टेंबर १९९२ ला झाली. वरच्या खोऱ्यात काही तासांत ३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला आणि पाणी पुलाच्या कठड्यावरून वाहिलं. झाडं, मोटारी, नदीकाठच्या तळावरच्या कॅरव्हॅन येऊन कमानीवर आदळल्या. गावात तीसहून अधिक माणसं गेली, नदीकाठची घरं वाहून गेली. पुलाचा कठडा तुटला, तो नंतर नवा बांधला. कमान जागेवर राहिली. त्यामुळे कठड्याचे दगड उजळ दिसतात ते रोमन नव्हेत. खाली वाकून कमानीचे पाचरीसारखे दगड बघा, ते खरे. बघायला वरून काही कळत नाही. तीरावरून बाजूने पाहिलं तरच खडक आणि कमान कुठे जुळतात ते दिसतं.

हे सांगण्याचं दुसरं कारण : सप्टेंबर ते नोव्हेंबर हाच त्या भागातल्या धुवांधार पावसाचा काळ. समुद्र अजून गरम असतो, दमट वारा डोंगराला अडतो आणि एकाच जागी तासन् तास कोसळतो. फ्रान्सच्या हवामान खात्याचा रंगांचा नकाशा आदल्या संध्याकाळी बघा. पिवळा असेल तर छत्री. व्होक्लूझ जिल्हा नारिंगी असेल तर दिवस बदला, लाल असेल तर प्रश्नच नाही. चार रात्री आहेत, दिवस मागेपुढे करणं जमेल.

आता गुडघा. ला व्हिलास जवळपास सपाट, खडीची वाट. प्विमँ टेकडीवर आहे पण चढ सौम्य आणि झाडांची सावली. थिएटरमध्ये मात्र पायऱ्या उंच. वरचं गाव हे खरं कठीण : उभे गोटे बसवलेले चढ, पाऊस पडून गेला की निसरडे. बाबांनी पूल ओलांडून घंटाघराच्या वेशीपर्यंत जावं आणि तिथूनच मागे फिरावं. त्यावरचा लोखंडी पिंजरा बघण्यासारखा आहे. मिस्त्राल या उत्तरेकडच्या जोरदार वाऱ्याला अडथळा नको म्हणून घंटेभोवती भिंत नाही, नुसती जाळी. माथ्यावरच्या किल्ल्यापर्यंतची वाट तर उघड्या खडकातली आहे, तिथे ज्येष्ठांना नेऊ नये.

---

नवखा_प्रवासी

खूपच उपयोगी, धन्यवाद. म्हणजे वरचं गाव हे मूळ रोमन किल्ला आणि खालचं वस्तीचं शहर, असं समजू का? आणि संग्रहालय आधी की नंतर?

---

पोथीतला_किडा

नाही, उलटं आहे. वरचं गाव रोमन नाहीच. रोमन काळात शांतता होती, शहराला भरभक्कम तटबंदीही नव्हती, खडकावर चढून राहायचं कारण नव्हतं. वरचा किल्ला बाराव्या शतकाच्या अखेरीस तुलूझच्या काउंटांनी बांधला, आणि मध्ययुगाच्या उत्तरार्धात असुरक्षित काळ आला तसे लोक सपाटी सोडून वर गेले. नंतर पुन्हा हळूहळू खाली उतरले. हा भाग १७९१ पर्यंत पोपच्या ताब्यात होता, फ्रान्समध्ये नव्हता. लोकांनी सपाटी सोडली म्हणूनच रोमन घरांचा काही भाग शेतांखाली सुरक्षित राहिला.

मूळ वस्ती व्होकाँती या गॉल (म्हणजे रोमनांआधीपासून फ्रान्समध्ये राहणाऱ्या लोकांच्या) जमातीची. लॅटिन नाव व्हासिओ. रोमन लेखक प्लिनी सांगतो की व्होकाँतींच्या दोन राजधान्या होत्या, त्यातली ही एक, आणि ते रोमचे प्रजाजन नव्हते, करारबद्ध मित्र होते. रोमन भूगोलकार पाँपोनियस मेला या भागातल्या सर्वांत संपन्न शहरांच्या यादीत व्हासिओचं नाव सर्वांत आधी घेतो. सम्राट नीरोच्या अंगरक्षक दलाचा प्रमुख बुर्रुस याचा शिलालेखही इथेच सापडला. (उत्खननाला पैसा देणाऱ्या उद्योजकाचं आडनाव तेच. त्याच्या औदार्यात याचा वाटा किती, ते तुम्हीच ठरवा.)

मराठी वाचकाला रस वाटेल असा एक धागा : याच जमातीत ऑगस्टसच्या काळी पाँपेयुस ट्रोगुस नावाचा इतिहासकार झाला. आजोबांना रोमन सेनापती पाँपेयकडून नागरिकत्व मिळालं, म्हणून हे नाव. वडील सीझरच्या हाताखाली पत्रव्यवहार पाहायचे. त्याने ४४ खंडांत जगाचा इतिहास लिहिला. मूळ ग्रंथ हरवला, पण जस्टिन या नंतरच्या लेखकाने केलेला सारांश उरला, आणि त्यात सांद्रोकोत्तुस येतो, म्हणजे आपला चंद्रगुप्त मौर्य : साध्या कुळात जन्म, थकून झोपला असताना सिंहाने येऊन घाम चाटला, रानटी हत्ती आपण होऊन पुढे आला वगैरे. पाश्चात्त्य लेखनात चंद्रगुप्ताबद्दल जे मोजके उतारे आहेत त्यातला हा एक. ट्रोगुस व्हासिओ गावातच जन्मला असं मात्र म्हणू नका. जमात व्होकाँती, एवढंच पक्कं.

संग्रहालय आधी. ते प्विमँच्या आवारातच आहे. थिएटरच्या रंगमंचाच्या खड्ड्यात सापडलेले क्लॉडियस, डोमिशियन, हाड्रियन हे सम्राट आणि हाड्रियनची बायको साबिना यांचे संगमरवरी पुतळे तिथे आहेत. बाहेर बागेत दिसतात त्या नकला. मोराचं मोझेइकही (रंगीत खड्यांचं चित्र) आतच. मूळ वस्तू पाहून मग रिकाम्या खोल्यांत गेलात तर त्या खोल्या मनात भरता येतात. गावातला सर्वांत नामांकित पुतळा मात्र इथे नाहीच : कपाळाला पट्टी बांधणारा खेळाडू, १८६२ मध्ये सापडला, १८७० मध्ये ब्रिटिश म्युझियमने विकत घेतला.

थिएटरकडे टेकडीतल्या बोगद्यातून जा. टेकडीच्या उत्तर उतारावर ते कोरलंय, म्हणून प्रेक्षकांच्या तोंडावर ऊन येत नाही. व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुकाराने दक्षिणेकडे तोंड नको असं लिहून ठेवलंच आहे. रंगमंचाच्या कडेला खडकात खोदलेले खड्डे पडद्याच्या यंत्रणेचे. रोमन पडदा नाटक सुरू होताना खाली जायचा आणि संपताना वर यायचा.

कॅथेड्रल चुकवू नका. आत जाण्याआधी पूर्वेकडच्या मागच्या बाजूला फिरा. पायथ्याशी रोमन खांबांचे गोल तुकडे आडवे टाकून त्यावर भिंत चढवलीय, उघडं दिसतं.

---

ताकभात

शाकाहाराबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून.

दुपारचं जेवण बारा ते दोन. दोननंतर स्वयंपाकघर बंद; विनवणी करून उपयोग नसतो. मंगळवार असेल तर बाजारातच जेवणाची सोय करावी : पाव, शेळीच्या दुधाचं चीज, न्योंसची सुरकुतलेली काळी ऑलिव्ह (न्योंस तिथून सोळा किलोमीटरवर), द्राक्षं, सफरचंदं, नशीब असेल तर शेवटचे अंजीर.

फसवणारे पदार्थ हे. तापनाद, ऑलिव्हची चटणी : जवळजवळ नेहमी अँचोव्ही मासा वाटलेला असतो. फुगास, पानाच्या आकाराचा पाव : ऑलिव्हचा चालेल, पण डुकराच्या तुकड्यांचाही तसाच दिसतो. गरम चीजचं सॅलड : वरून बेकनचे तुकडे टाकतात, "साँ लार्दों" म्हणून सांगावं. पिस्तूचं सूप : भाज्या, घेवडा, तुळशीच्या जातीची पानं, चांगलं असतं, पण मांसाचं पाणी वापरलंय का ते विचारा. आई-बाबा काटेकोर असतील तर चीजमध्ये प्राणिज विरजण असतं हेही आधी सांगून ठेवा.

नुसतं "व्हेजेतारियाँ" म्हटलं तर मासा पुढे येऊ शकतो. पूर्ण वाक्य पाठ करा : "ज न माँज नी व्ह्याँद, नी प्वासों." मांसही खात नाही, मासेही नाही.

पाण्याची बाटली गावातल्या कारंज्यावर भरता येते, मात्र "नों पोताब्ल" अशी पाटी असेल तिथे नको.

---

विटाचुना

रोनकाठ यांच्या क्रमाला एक दुरुस्ती. बाजार बाराला सोडा, एकला नाही. ऑक्टोबरात संध्याकाळी फाटकं लवकर बंद होतात आणि प्विमँला संग्रहालय धरून दोन तास लागतात, ला व्हिलासला एक. वेळ कमी पडला तर कॅथेड्रलच्या आतला भाग सोडा, मागची भिंत बाहेरून पाच मिनिटांत बघून होते. बाबांना प्विमँच्या सावलीत बाकावर बसवून ला व्हिलास उरकायचा बेत असेल तर तो करू नका. दोन्ही आवारांच्या मध्ये रस्ता आहे आणि परत आत यायला फाटकापासून सुरुवात करावी लागते. त्यांनी वगळायचंच असेल तर थिएटर वगळावं. ला व्हिलास सपाट आहे आणि डॉल्फिनचं घर तिथेच आहे.